रांजणातला सोनमासा आणि खाचरांवरचा कोई

सोनमासा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर काचेचे गोल भांडे उभे राहते. तळाशी रंगीत खडे, वर तरंगणारी प्लास्टिकची वनस्पती आणि मध्ये घिरट्या घालणारा केशरी मासा. ही जोडी इतकी अंगवळणी पडली आहे, की ती कुणी आणि केव्हा जुळवली, असा प्रश्नही मनात येत नाही. सोनमाशाच्या सुमारे हजार वर्षांच्या पाळीव आयुष्यात काचेचा गोल हे बरेच उशिरा मिळालेले आणि माझ्या मते सर्वांत वाईट बिऱ्हाड आहे.

आजचा धागा या बिऱ्हाडाच्या इतिहासाचा आहे. जागा थोडी असताना मासा कशात ठेवावा, हा प्रश्न हांगझोउच्या सरदारांना पडला, सूझोउच्या रसिकांना पडला, एदोच्या चाळकऱ्यांना पडला आणि लंडनच्या एका रसायनतज्ज्ञालाही पडला. प्रत्येकाने दिलेल्या उत्तराचा ठसा माशाच्या शरीरावर उमटलेला आहे. सोनमाशाचा दूरचा भाऊबंद जो कोई, त्याची कहाणी मात्र उलट दिशेने जाते. तिच्याकडे आपण शेवटी येऊ.

प्रारंभ पुण्यसंचयातून झाला. चीनमधील करड्या-हिरवट रंगाच्या एका साध्या गोड्या पाण्यातल्या माशात क्वचित एखादा लालसर-सोनेरी जीव जन्माला येतो. नदीत असा मासा फार दिवस टिकत नाही, कारण बगळ्यालाही तो दुरून दिसतो आणि कोळ्यालाही. पण बौद्ध मठांच्या आवारात ‘जीवदाना’ची कुंडे असत. पकडलेले जीव तिथे सोडणे हे पुण्यकर्म मानले जाई. वेगळ्या रंगाचा मासा सापडला, की तो खाण्यापेक्षा मठाच्या कुंडात सोडावा, अशी भावना साहजिकच होती. हांगझोउ परिसरातील अशा कुंडांत सोनेरी मासे टिकून राहिले. रंग हाच ज्याचा घात होता, त्या माशाला प्रथमच आसरा मिळाला.

पुढे ११२७ साली उत्तरेकडील राजधानी जुर्चेन सैन्याच्या हाती पडली, सोंग राजघराणे दक्षिणेकडे सरकले आणि हांगझोउ ही राजधानी झाली. सम्राट गाओझोंगने ११६२ साली सिंहासन सोडले आणि तो देशोउ नावाच्या प्रासादात राहू लागला. तिथे सोनेरी माशांसाठी कुंड करवून घेतल्याची परंपरा सांगितली जाते. राजाने छंद केला, की दरबाऱ्यांना तो करावाच लागतो. मात्र दरबाऱ्यांकडे प्रासादाएवढी जागा नव्हती. दाटीवाटीच्या राजधानीत जमीन महाग होती.

त्यांनी काय केले, ते यूए क या लेखकाने तेराव्या शतकाच्या प्रारंभी टिपून ठेवले आहे. (हा प्रसिद्ध सेनापती यूए फेइ याचा नातू.) तो सांगतो, की श्रीमंत मंडळी दगड कोरून त्याची छोटी कुंडे करवून घेत आणि ती घराच्या वळचणीखाली, खिडक्यांजवळ मांडत. मासे पाळणारे धंदेवाईक लोक शहरात होते, पण आपली विद्या ते कुणाला सांगत नसत. गटारांतल्या बारीक लाल किड्यांवर मासे वाढवले, की त्यांना सोनेरी रंग चढतो, अशी कुजबुज तेवढी ऐकू येई.

यूए कने सांगितलेली दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. वू शी नावाचा सरदार सिचुआनला परतताना आपले मासे घेऊन निघाला. त्यांच्यासाठी त्याने तळ्याचे पाणी तीन मोठ्या नौकांत भरून सोबत घेतले, शिवाय हांगझोउचे मत्स्यपालकही घेतले, कारण हे मासे जगवणे त्यांनाच जमत असे. मासा हलवायचा तर त्याचे पाणी आणि त्याची देखभाल करणारा माणूसही हलवावा लागतो, हे त्या काळच्या लोकांना पक्के ठाऊक होते. पुढच्या साडेसातशे वर्षांत अनेकांना त्याचा विसर पडलेला आपल्याला दिसेल.

आता मिंग काळाकडे येऊ. या काळात मासा दगडी कुंडातून उठून मातीच्या रांजणात आला. वाचायला हा बदल किरकोळ वाटतो. परंतु जीवशास्त्राच्या दृष्टीने सोनमाशाच्या इतिहासातील ही सर्वांत मोठी उलथापालथ आहे.

विसाव्या शतकातील चिनी आनुवंशशास्त्रज्ञ चेन झेन यांनी सोनमाशाच्या पाळीव होण्याचे टप्पे पाडून दाखवले. कुंडात शेकडो मासे एकत्र असतात. तिथे आखूड शरीराचा, दुहेरी शेपटीचा किंवा बाहेर आलेल्या डोळ्यांचा मासा खाण्याच्या शर्यतीत मागे पडतो. रांजणात ही शर्यत उरत नाही. अन्न समोर येते, शत्रू नसतो, पाण्याला ओढ नसते. जी व्यंगे नदीत एका दिवसात मृत्यू ओढवतील, ती इथे निभावून जातात. शिवाय वेगळ्या रांजणात निवडक जोडी ठेवता येते. म्हणजे कुणाची कुणाशी वीण व्हावी, हे माणसाच्या हाती येते. चार्ल्स डार्विननेही सोनमाशांतील विविधतेचा संबंध लहान भांड्यांतील संगोपनाशी आणि चिनी लोकांच्या काळजीपूर्वक निगराणीशी जोडला होता. फुगीर पोटाचा, पाठीवर पर नसलेला, फुललेल्या शेपटीचा जो सोनमासा आपण आज पाहतो, तो रांजणाने घडवलेला प्राणी आहे.

रांजण कसा निवडावा, याचे लेखी मार्गदर्शन १५९६ सालचे आहे. लेखक झांग छ्यांदे, प्रांत सूझोउचा, वय जेमतेम एकोणीस. (धागा वाचणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या वयाचा! त्याआधी फुलदाणीत फुले कशी रचावीत, यावरही त्याचे पुस्तक लिहून झाले होते.) ‘हिंगुळी माशांचा ग्रंथ’ असे ज्याचे मराठीत भाषांतर होईल, त्या छोटेखानी पुस्तकात त्याने भांड्यांची प्रतवारीच लावली आहे. त्सिझोउच्या भट्टीतील पांढरे रांजण पहिल्या प्रतीचे, हांगझोउ आणि यीशिंगचे त्याखालोखाल. पांढऱ्या पार्श्वभूमीवर लाल मासा खुलतो, हा मुद्दा लक्षात घ्या. त्या काळी मासा वरून पाहायचा असे. त्याची पाठ, त्याचे पसरलेले पर आणि शेपटीचा पंखा, हेच त्याचे सौंदर्य.

पाण्याबद्दल त्याचे मत स्पष्ट आहे. नदी-तळ्यांचे वाहते पाणी उत्तम, विहिरीचे स्वच्छ गार पाणी मध्यम आणि शहरातील कालव्याचे पाणी सर्वथा वर्ज्य. सूझोउ हे कालव्यांचे शहर. घरापाशी आयते पाणी असताना ते वापरू नका, असे तिथे राहून तो बजावतो आहे.

मला स्वतःला त्याच्या ग्रंथातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो बांबूच्या नळीचा. पाणी बदलल्यावर एक-दोन दिवसांतच तळाशी घाण साचते. ती बांबूच्या पोकळ नळीने वरचेवर ओढून काढावी, नाहीतर माशाचा रंग उतरतो, असे तो म्हणतो. कारण त्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण परिणाम त्याने अचूक टिपला.

रसिकाने किती मासे बाळगावेत, हेही तो सांगतो. उन्हाळ्यात काही हजार पिल्ले विकत आणायची, काही दहा रांजणांत वाटायची, रोज त्यांतली कमअस्सल काढून टाकायची, शेकडा एक-दोन उरले की ती दोन-तीन रांजणांत ठेवून जिवापाड वाढवायची. अंगणात दिसणाऱ्या त्या दोन-तीन देखण्या रांजणांमागे मागच्या दारी मांडलेली डझनावारी भांडी होती, पाणी वाहणारी माणसे होती, नळी ओढणारे हात होते. ‘लहान जागेतला छंद’ म्हणून जे आपण वाचतो, त्याची खरी जागा कधीच लहान नव्हती. रोज टाकून दिलेल्या त्या शेकडा अठ्ठ्याण्णव माशांचे काय झाले, याविषयी ग्रंथ मौन बाळगतो.

रांजण घडवणाऱ्यांचीही दखल घ्यायला हवी. मिंग दरबार जिंगदेझेनच्या भट्ट्यांकडून प्रचंड आकाराचे, नागाकृती चितारलेले चिनी मातीचे रांजण मागवत असे. इतके मोठे भांडे एकसंध भाजून निघणे महाकठीण होते. ते तडकत, वाकत, बसत. वानली सम्राटाच्या काळात पान श्यांग हा राजवाड्यातील खोजा अधिकारी देखरेखीस होता. मनाजोगते रांजण निघेनात, म्हणून त्याने कारागिरांचा छळ आरंभला. तेव्हा थोंग बिन नावाच्या कारागिराने धगधगत्या भट्टीत उडी घेतली आणि त्या खेपेचे रांजण निर्दोष निघाले, अशी तिथली आख्यायिका. दुसऱ्या अर्ध्या भागावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण जिंगदेझेनच्या कुंभारांनी थोंग बिनला अग्नीचा देव मानून त्याचे देऊळ बांधले, ही गोष्ट कारागिरांनी काय सोसले असेल ते सांगायला पुरेशी आहे.

रांजणाची ही प्रतिष्ठा पुढे बेजिंगच्या चौकवाड्यांत उतरली. अंगणावर उन्हाळ्यात घातलेला मांडव, माशांचा रांजण आणि डाळिंबाचे झाड, या तीन गोष्टी असल्या की घर सुखवस्तू समजावे, अशी तिथली म्हणच आहे.

जपानमध्ये सोनमासा १५०२ साली साकाई बंदरात उतरला, असे आदाची योशियुकी याने १७४८ साली प्रसिद्ध केलेल्या संगोपनग्रंथात नमूद आहे. जपानी भाषेतील सोनमाशांवरचे हे पहिले पुस्तक. पहिली शंभर-दीडशे वर्षे हा श्रीमंतांचा चोचला होता. सतराव्या शतकाच्या शेवटी मात्र चित्र पालटू लागले.

इहारा साइकाकु हा कादंबरीकार १६९३ साली वारला. त्याच्या मृत्यूनंतर लगेच प्रसिद्ध झालेल्या कथासंग्रहात एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, उएनो भागातील सोनमाशांच्या दुकानाचे वर्णन येते. सत्तर-ऐंशी लाकडी कुंड्या ओळीने मांडलेल्या आहेत, मोठ्या किमतीचे मासे विकले जात आहेत. आणि त्याच दुकानात एक माणूस डासांच्या अळ्या विकायला येतो. हा एके काळचा उधळ्या रंगेल गृहस्थ. सगळे गमावल्यावर आता डबक्यांतून अळ्या गोळा करतो आणि माशांचे खाद्य म्हणून विकून पोट भरतो. सोनमाशाभोवती केवढी अर्थव्यवस्था उभी होती, याची इतकी नेमकी झलक अन्यत्र क्वचितच सापडेल.

यामातो-कोरियामाचे उदाहरण असेच. १७२४ साली यानागिसावा घराण्याची बदली कोफूहून तिथे झाली, तेव्हा त्यांच्यासोबत सोनमासेही आले असे सांगतात. पुढे तुटपुंज्या तनख्यावर जगणाऱ्या सामुराईंनी जोडधंदा म्हणून ते पाळले. १८६८ च्या सत्तांतरानंतर तनखे बंद झाले आणि जोडधंदा मुख्य धंदा झाला. आजही त्या गावाची ओळख सोनमाशांचे गाव हीच आहे.

पुरवठा वाढला, किंमत उतरली आणि सोनमासा एदोच्या नागायांत शिरला. नागाया म्हणजे आपल्याकडच्या चाळींसारखी, एका ओळीत बांधलेली खोल्यांची लांबट घरे. कुटुंबाला एक खोली, अंगण नाही. उन्हाळ्यात कावडीवर लाकडी घंगाळे घेतलेला विक्रेता आरोळी देत गल्लीतून जाई. चाळकरी मासा विकत घेई आणि लाकडी घमेल्यात ठेवी, किंवा काचेच्या छोट्या गोळ्यात घालून वळचणीला टांगी. त्या गोळ्यातून मासा प्रथमच बाजूने दिसू लागला. तो टांगता गोळा उन्हाळ्यातील थंडाव्याची सजावट होता, माशाचे कायमचे घर म्हणून कुणी तो लटकवत नसे. असे मासे ऋतूपुरतेच जगत असावेत, असे त्यांच्या भांड्यांकडे पाहून तरी वाटते.

जागेची अडचण नसलेल्यांची तऱ्हा अर्थातच निराळी. ओसाकाचा धनाढ्य व्यापारी योदोया याची मालमत्ता १७०५ साली ऐपतीबाहेरच्या ऐषारामाचा ठपका ठेवून सरकारने जप्त केली. त्याच्या उन्हाळी दालनाचे छत काचेचे होते आणि त्यावरील पाण्यात सोनमासे पोहत, अशी वदंता आहे.

भांडे माशाला कसे घडवते, याचा जपानी नमुना म्हणजे शिकोकू बेटावरील कोची प्रांताचा तोसाकिन. याच्या शेपटीच्या कडा पुढे वळून फुलासारख्या उमलतात. हा मासा उथळ, गोल, खलासारख्या उतरत्या भांड्यात वाढवतात. तिथे पोहायचे म्हणजे गोल फिरायचे, तेही संथ. म्हणून शेपटीची घडण टिकते, अशी पाळणाऱ्यांची धारणा. १९४५ चे बाँबहल्ले आणि १९४६ चा भूकंप यांत ही जात नामशेष होता होता वाचली. एका शहरातल्या काही अंगणांतील मातीच्या भांड्यांवर एक अख्खी जात अवलंबून होती.

आता युरोप. सतराव्या शतकात सागरी व्यापारातून सोनमासे तिकडे पोहोचले, अठराव्या शतकात ते इंग्लंडात रुजले. १७४७ साली लेखक होरेस वॉलपोलच्या लंडनमधील घरात त्याची लाडकी मांजर सेलिमा, सोनमासे ठेवलेल्या चिनी मातीच्या पिंपात पडून बुडाली. टॉमस ग्रे या कवीने त्यावर कविता केली, ती इंग्रजी साहित्यात अजरामर झाली. वॉलपोलने ते पिंप जपून ठेवले आणि पाहुण्यांना दाखवले. मला या प्रसंगात लक्षवेधी वाटते ते पिंप. १७४७ पर्यंत युरोपातही मासा अपारदर्शक, रुंद तोंडाच्या चिनी भांड्यात राहू शकत होता.

पण तोवर काच स्वस्त होऊ लागली होती आणि युरोपीय दिवाणखान्याला मासा मेजावर, नजरेच्या पातळीत हवा होता. गिल्बर्ट व्हाइट हा सेलबोर्नचा धर्मोपदेशक निसर्गनिरीक्षक, त्याच्या १७८९ च्या ग्रंथात काचेच्या गोलातील सोनमाशांचे वर्णन आहे. गोलाच्या वक्रतेमुळे मासा क्षणात मोठा, क्षणात वेडावाकडा दिसतो, याचे त्याला कौतुक आहे. त्या काळच्या एका फॅशनचाही तो उल्लेख करतो. गोलाच्या पोटात दुसरी पोकळी फुंकून घेत आणि तिच्यात पक्षी ठेवत, म्हणजे माशांच्या मधोमध पक्षी उडतो आहे असा भास होई! माशाचे घर हे माशासाठी आहे ही कल्पना इथे पूर्णपणे लोप पावली आहे.

चीनहून भांड्याची कल्पना आली, पण त्यामागची बांबूची नळी आली नाही, डझनभर राखीव रांजण आले नाहीत, वू शीच्या नौकेवरचे मत्स्यपालक आले नाहीत. मासा मेला की दुसरा आणला जाई.

तरीही हा मासा लगेच मरत नसे. त्याचे रहस्य त्याच्या शरीरात आहे. सोनमासा आणि त्याचे जवळचे नातलग प्राणवायू संपला, तरी काही काळ जगू शकतात. स्नायूंत साचणाऱ्या लॅक्टिक आम्लाचे ते चक्क अल्कोहोल बनवतात आणि कल्ल्यांवाटे बाहेर सोडतात. या क्रियेमागील विकरांचा उगम ऑस्लो आणि लिव्हरपूलच्या संशोधकांनी २०१७ साली उलगडून दाखवला. हिवाळ्यात बर्फाखाली गोठलेल्या तळ्यांसाठी निसर्गाने दिलेली ही शक्ती. दिवाणखान्यातल्या गोलात हीच शक्ती त्याच्यावर उलटली. नाजूक मासा तासाभरात मरून मालकाला धडा शिकवतो, सोनमासा महिनोन्महिने सोसत राहतो आणि मालकाला वाटते, सगळे ठीक आहे. मासा भांड्याच्या आकारापुरताच वाढतो, हा समज त्यातूनच निघाला. तो खुंटतो तो बहुतांशी साचलेल्या मलद्रव्यांमुळे.

यावर पहिला पद्धतशीर तोडगा काढला लंडनच्या औषधनिर्मात्यांच्या संस्थेतील रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने. १८४९ साली त्याने सुमारे बारा गॅलनच्या काचपात्रात दोन लहान सोनमासे आणि पाण्यात वाढणारी व्हॅलिस्नेरिया ही वनस्पती ठेवली. काही दिवसांनी पाने कुजून पाणी गढूळ झाले. मग त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि शेवाळ फस्त केले, पाणी निवळले, मासे तरतरीत झाले. १८५० साली त्याने हा प्रयोग रसायनशास्त्रीय नियतकालिकात मांडला. त्याआधी, १८४५ साली, ब्रिटनमधील काचेवरील कर रद्द झाला होता. सपाट काचेच्या चौकोनी पेट्या मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या आणि १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. मासा बाजूने पाहण्याचे युग तिथून जोमाने सुरू झाले. मुंबईकरांना त्याची सवय मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाने १९५१ पासून लावली.

वॉरिंग्टनला एक दुवा मात्र सापडला नव्हता. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो, तो विषारी असतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू त्याचे बरेच कमी घातक नायट्रेट करतात. हे जिवाणू सर्गेइ विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले. आजच्या फिल्टरमधील स्पंज म्हणजे या जिवाणूंची वसाहत. झांग छ्यांदेची नळी जी घाण ओढून काढत होती, तिच्यातूनच अमोनिया तयार होतो. नळी आणि जिवाणू यांच्यात तीनशे वर्षांचे अंतर पडले, एवढेच.

या साऱ्या प्रवासात कोई कुठेच आला नाही, कारण तो कधी रांजणात गेलाच नाही.

जपानच्या निइगाता प्रांतातील यामाकोशी हा डोंगराळ मुलूख. उतारांवर पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे आणि त्यांना पाणी देणारी छोटी तळी. हिवाळ्यात कित्येक फूट बर्फ पडून गावांचा संपर्क तुटे, म्हणून शेतकरी त्या तळ्यांत खाण्यासाठी कार्प मासे वाढवत आणि थंडीत घरालगतच्या कुंडांत आणून ठेवत. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी त्या काळ्या माशांत लाल-पांढऱ्या रंगाची पिल्ले दिसू लागली. शेतकऱ्यांनी ती खाल्ली नाहीत, राखली. पुढची शंभर वर्षे हा डोंगरी शेतकऱ्यांचा खासगी नाद होता. १९१४ साली तोक्योच्या प्रदर्शनात हे मासे मांडले गेले आणि देशाला त्यांची ओळख झाली.

कोईही वरूनच पाहायचा मासा, पण त्याचे घर तळे होते. तिथे पोहावे लागे, खाण्यासाठी धडपडावे लागे. म्हणून रंग पालटला, तरी बांधा नदीतल्या कार्पचाच राहिला. साठ-सत्तर सेंटिमीटर लांब, निमुळता, ताकदवान. एक भाऊबंद भांड्याच्या मापाने घडत गेला, दुसऱ्याने तळ्याचे माप सोडले नाही. ऑक्टोबर २००४ च्या भूकंपात यामाकोशीचे रस्ते आणि तळी उद्ध्वस्त झाली, अख्खे गाव हलवावे लागले, तेव्हा कोईंपैकी काही हेलिकॉप्टरने बाहेर काढण्यात आले. आठशे वर्षांपूर्वीच्या वू शीच्या तीन नौका इथे आठवल्याशिवाय राहत नाहीत.

आता आपल्या फ्लॅटपुरता हिशेब. पंचवीस सेंटिमीटर व्यासाच्या काचेच्या गोलात काठोकाठ सुमारे आठ लिटर पाणी मावते. प्राणवायू पाण्याच्या पृष्ठभागातून विरघळतो. गोल अर्धा भरला तर हा पृष्ठभाग साधारण ४९० चौरस सेंटिमीटर असतो. दहा सेंटिमीटरच्या तोंडापर्यंत भरला तर तो जेमतेम ८० वर येतो. म्हणजे अधिक पाणी भरावे, तितका श्वास कोंडतो! साठ बाय तीस सेंटिमीटरची साधी पेटी १८०० चौरस सेंटिमीटर देते. त्यात आपला उन्हाळा मिळवा. वीस अंश तापमानाला एका लिटर पाण्यात सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तीस अंशांना साडेसातच. मोनझा शहराने २००४ साली आणि रोमने २००५ साली सोनमाशांसाठी गोल भांडी वापरण्यास बंदी घातली.

तेव्हा निवड करायची झाल्यास जुने चिनी शहाणपण आजही उपयोगी पडते. भांडे उंच नको, रुंद असावे. मासे थोडे, पाणी भरपूर. फुगीर पोटाचे, मंद पोहणारे मासे वेगळे ठेवावेत, कारण चपळ साध्या सोनमाशांसोबत ते उपाशी राहतात. साधा सोनमासा तळ्यात वीस-तीस सेंटिमीटरचा होतो, त्यामुळे साठ सेंटिमीटरची पेटी ही त्याची बालवाडी समजावी. माझ्या मते घरात ठेवायचे तर रांचूसारखा रांजणाने घडवलेला मासाच योग्य आणि सावलीच्या गॅलरीत रुंद, उथळ टब हे त्याचे मूळ घराच्या सर्वांत जवळ जाणारे बिऱ्हाड. त्यात वरून पाहिल्यावर तो जसा दिसतो, तसाच पाहण्यासाठी त्याला पिढ्यान्पिढ्या निवडले गेले.

कोईचा मोह मात्र गच्चीवाल्यांनी जपूनच धरावा. मीटरभर खोल पाण्याचा भार दर चौरस मीटरला १००० किलो होतो. भारतीय मानकांनुसार राहत्या खोल्यांच्या जमिनीसाठी साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलोंचा भार धरतात. अभियंत्याला विचारल्याशिवाय गच्चीवर यामाकोशी उभारू नये.

आणि मासा आणण्यापूर्वी त्याचे आयुष्यही विचारात घ्यावे. टिश नावाचा सोनमासा १९५६ साली इंग्लंडमधील डॉनकास्टरच्या जत्रेत एका मुलाला बक्षीस म्हणून मिळाला होता. तो १९९९ साली मेला.